आपला माणूस जेलमध्ये आजारी आहे: औषध, डॉक्टर, गार्ड आणि कोर्ट कसं हलवायचं

प्लास्टिकच्या पिशवीत इन्सुलिनच्या २ बाटल्या, शेजारी बर्फाच्या पाण्याची बाटली लावून ठेवलेली, आणि मी सकाळी साडेआठपासून जेलच्या गेटवर उभी. साडेअकराला नंबर लागला. शिपायाने पिशवी उघडली, बघितली, परत गाठ मारली आणि म्हणाला, "ताई, हे आत जात नाही, वर अर्ज करा." वर म्हणजे कुठे आणि अर्ज म्हणजे कसला हे विचारेपर्यंत पुढचा नंबर पुकारलेला. माझ्या धाकट्या भावाला १९ व्या वर्षापासून शुगर आहे, टाइप वन, म्हणजे इन्सुलिन बंद झालं तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं. पोलीस कोठडीत होता तोवर मी रोज नेऊन देत होते, जेल कस्टडी झाली आणि एका रात्रीत सगळं बंद.

तो १४ महिन्यांनी जामिनावर सुटला. मी वकील नाही, डॉक्टर तर नाहीच, पण त्या १४ महिन्यांत जे कळलं ते तेव्हा पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझे निम्मे हेलपाटे वाचले असते. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये भेटणाऱ्या बायकांना तेच तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. महाराष्ट्रातल्या जेलबद्दलच लिहितेय, दुसऱ्या राज्यात नियम थोडे इकडेतिकडे असतील.

मुद्दा एकच लक्षात ठेवा. जेलमध्ये तोंडी सांगितलेला आजार हवेत जातो. कागदावर आलेला आजार कोणाच्या तरी टेबलावर पडतो आणि त्याला त्याचं काहीतरी करावं लागतं.

आधी हे, की आपण उपकार मागत नाही

हे सांगायचं कारण म्हणजे गेटवर आपला आवाज आपोआप खाली जातो. संविधानातलं २१ वं कलम, जगण्याचा हक्क, जेलच्या दारात काढून ठेवावं लागत नाही, सुनील बत्राच्या केसपासून (१९७८) सुप्रीम कोर्ट हे सांगत आलंय. संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम २०१५ चे, त्यातला २४ वा नियम म्हणतो की बाहेरच्या माणसाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मिळाली पाहिजे आणि तीही फुकट, आणि २७ वा म्हणतो की उपचाराचा निर्णय फक्त डॉक्टर घेणार, जेलच्या बाकीच्या स्टाफला तो फिरवता येणार नाही. हे नियम थेट कायदा नाहीत पण कोर्ट त्यांचा आधार घेतं. आणि आत असलेले बहुतेक लोक अजून गुन्हेगार ठरलेलेसुद्धा नाहीत: २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरात ५,७३,२२० कैदी, त्यातले ४,३४,३०२ कच्चे.

आता खरी कामाची गोष्ट. १८९४ चा कारागृह अधिनियम, ज्यावर आपली जेलं सव्वाशे वर्षं चालली, त्यात आत गेल्यावर लगेच डॉक्टरी तपासणी आणि त्याची नोंद (कलम २४), कोणी आजारी दिसला किंवा डॉक्टर हवा म्हणाला तर विनाविलंब जेलरला कळवणं (कलम ३७), हे सगळं आहे. पण माझं आवडतं कलम ३८. डॉक्टरने कैद्याबद्दल दिलेली सूचना त्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे जेलमधल्या त्याच्या नोंदीच्या कागदावर, रोजच्या रोज लिहायची, आणि जेलरने खाली तारखेसह लिहायचं की ही सूचना पाळली की नाही. इंग्रजाने लिहिलेलं आहे हे! (औषधांचे साधे ऑर्डर यातून वगळलेत, पण बाहेरच्या हॉस्पिटलला न्या, वेगळं जेवण द्या, असल्या गोष्टी येतात.) डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या विधिमंडळाने या कायद्याच्या जागी नवीन विधेयक मंजूर केलंय, त्यामुळे अर्जात कलमाचा नंबर टाकायच्या आधी वकिलाला विचारा. पण "हिस्ट्री तिकिटावर नोंद करा" हे वाक्य नंबर नसतानाही चालतं, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की समोरच्या बाईला काहीतरी माहितीये.

पहिलं काम कोर्टातच, गाडी जेलकडे निघायच्या आधी

पोलीस कोठडी संपून जेल कस्टडी मिळते त्या दिवशी माणूस न्यायाधीशासमोर उभा असतो. तेव्हाच वकिलाने सांगायचं की आरोपीला अमुक आजार आहे, ही प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, आणि औषधं चालू ठेवावीत असा जेल अधीक्षकांना आदेश द्यावा. अर्ज अर्ध्या पानाचा, विरोध सहसा कोणी करत नाही. आम्ही हे केलं नाही कारण आम्हाला वाटलं जेलमध्ये डॉक्टर असतोच की. असतो, पण त्याला काय माहीत तुमच्या माणसाचा डोस किती. वकील हजर नसेल तर आरोपीने स्वतः तोंडाने सांगायचं, "साहेब, मला फिट येतात, गोळ्या चालू आहेत, लिहून घ्या." कोठडीत मारहाण झाली असेल तर तेही त्याच वेळी, कारण जेलच्या पहिल्या तपासणीत अंगावरच्या जखमा लिहायच्या असतात आणि तिथे कोरं राहिलं की पुढे सिद्ध करणं महाकठीण. पोलीस कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालात आहे (१९९६), ते रिपोर्ट वकिलाला मागायला सांगा.

फाईल

एक स्वस्त प्लास्टिकची फाईल घ्या. ओरिजिनल कागद कधीही, कोणालाही, कितीही गोड बोलला तरी द्यायचे नाहीत, फक्त झेरॉक्स. सगळ्यात वर एकच पान ठेवा, हाताने लिहिलेलं चालेल, पण मोठ्या अक्षरात: नाव, आजार, कधीपासून, औषधाचं मूळ नाव (कंपनीचं ब्रँड नाव नको, कारण जेलच्या दवाखान्यात तो ब्रँड नसतो आणि मग "ही गोळी नाही आमच्याकडे" असं उत्तर येतं), डोस, किती वाजता, कशाची अॅलर्जी, आणि बाहेरच्या डॉक्टरचा नंबर. माझ्या मते ते एक पान मागच्या ५० पानांपेक्षा जास्त काम करतं, कारण जेलच्या डॉक्टरला तेवढाच वेळ असतो.

काही आजारांत एक दिवसही खाडा परवडत नाही: इन्सुलिन, फिट्स, हार्ट, मनाच्या आजाराची औषधं, टीबी, एचआयव्ही. टीबीचा पेशंट असेल तर निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) पानावर लिहा, एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू असेल तर सेंटरचं नाव आणि हिरव्या पुस्तकाची झेरॉक्स. ही औषधं सरकारीच असल्याने खरं तर या पेशंटचं काम सोपं असतं, फक्त कुठून चालू होती ते आतल्या डॉक्टरला कळलं पाहिजे.

औषध आत कसं जातं

गेटवर सहसा जात नाही, हे मान्य करून पुढे जा. शिपायाशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. आधी जेलचा डॉक्टर स्टॉकमधून देतो का बघायचं. स्टॉकमध्ये नसेल तर त्याने बाहेरून आणायला लेखी परवानगी द्यायची, मग आपण सीलबंद पाकीट, मेडिकलचं बिल आणि प्रिस्क्रिप्शन घेऊन जायचं. तेही नाही झालं तर कोर्टाचा आदेश. आमचं तिसऱ्या पायरीवर झालं, ११ दिवस गेले, मधले दिवस आतल्या डॉक्टरने त्यांच्याकडच्या दुसऱ्या इन्सुलिनवर निभावले, त्या माणसाला मी आजही दुवा देते. तिथे शेकडो पेशंटमागे एक डॉक्टर बसलेला असतो. केंद्र सरकारचं मॉडेल प्रिझन मॅन्युअल म्हणतं ३०० कैद्यांमागे १ डॉक्टर असावा, आणि मुंबईच्या आर्थर रोड जेलची मूळ क्षमता ८०४, तिथे कित्येक वर्षं ३ हजारांच्या आसपास माणसं होती, करा हिशोब.

चष्मा, कुबडी, कवळी, श्रवणयंत्र, या वस्तूंसाठी वेगळा अर्ज करा. हसू नका. तळोजा जेलमध्ये २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला, घरून पोस्टाने पाठवलेला जेलने परत केला, शेवटी मुंबई हायकोर्टाला म्हणावं लागलं की जेल अधिकाऱ्यांसाठीच वर्कशॉप घ्या. त्याच जेलमध्ये त्याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी, ८३ वर्षांचे, पार्किन्सन्समुळे हातात कप धरता येत नाही, त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि एनआयएने (केंद्राच्या तपास यंत्रणेने) उत्तर द्यायला २० दिवस मागितले. इतक्या गाजलेल्या केसमध्ये ही गत, तर आपण कागद का सोडायचा?

शुगरवाल्यांसाठी थोडं जास्त, कारण हे मी भोगलंय

जेलमध्ये सिरिंज बराकीत ठेवू देत नाहीत, इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात न्यावं लागतं. रात्रीचं जेवण साधारण ४ ते ५ वाजता वाटतात आणि मग बंदी, म्हणजे कुलूप. आता इन्सुलिन ४ ला घेतलं आणि डबा ६ ला खाल्ला (सगळेच कैदी वाटलेलं जेवण झाकून ठेवून उशिरा खातात, ५ ला भूक कोणाला असते) की मध्येच शुगर खाली. भावाला एकदा रात्री घाम फुटून थरथर सुटली, बराकीतल्या एका चाचांनी साखर तोंडात घातली म्हणून वाचला. तर तीन गोष्टी: डॉक्टरकडून इन्सुलिन आणि जेवणाची वेळ जुळवून लिहून घ्या, हिस्ट्री तिकिटावर. मेडिकल डाएट लिहून मागा, तो अधिकार डॉक्टरचा आहे. आणि कॅन्टीनच्या पैशातून बिस्किटाचा पुडा कायम उशाशी, शेजारच्या दोघांना सांगून ठेवायचं की मी असं असं करायला लागलो तर साखर द्या आणि हवालदाराला ओरडून बोलवा.

मुलाखतीत काय विचारायचं

काचेपलीकडे तो, फोन खरखरतोय, वेळ १०-१५ मिनिटं, आणि आई रडतेय. "बरा आहेस ना" विचारलं की "हो" येतं, कारण त्याला आपल्याला त्रास द्यायचा नसतो. त्यामुळे नेमकं विचारा: डॉक्टरला शेवटचं कोणत्या तारखेला दाखवलं, गोळ्या किती रंगाच्या मिळतात, शुगर-बीपी कोणी मोजलं का, किती आलं, बाहेर न्यायचं म्हणाले का. बाहेर पडल्या पडल्या वहीत तारीख टाकून लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की अर्धं विसरतं. ई-मुलाखत, म्हणजे व्हिडिओवरची, बुक करता येते, तिचाही असाच वापर करा. पुढे कोर्टात माझी ती ४० रुपयांची वही वकिलाने चक्क तारीखवार वाचून दाखवली.

अर्ज, आणि त्यावरचा शिक्का

भाषा साधी, राग नको, आरोप नको. माझा असा होता:

"प्रति, मा. अधीक्षक, … कारागृह. विषय: न्यायाधीन बंदी … यांना औषधोपचार मिळणेबाबत. महोदय, माझा भाऊ आपल्या कारागृहात दि. … पासून दाखल आहे. त्यास टाइप १ मधुमेह असून दिवसातून … वेळा इन्सुलिन आवश्यक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. दि. … च्या मुलाखतीत त्याने सांगितले की दि. … पासून त्यास इन्सुलिन मिळालेले नाही. तरी त्याची तात्काळ वैद्यकीय तपासणी करून उपचार द्यावेत, त्याची नोंद हिस्ट्री तिकिटावर घ्यावी, आणि आवश्यक असल्यास शासकीय रुग्णालयात पाठवावे ही विनंती. केलेल्या कार्यवाहीबाबत मला लेखी कळवावे."

दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक शिक्का आणि नंबर घ्यायचा. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तिथेच वाद न घालता पोस्टात जा, रजिस्टर एडी किंवा स्पीड पोस्ट करा, पावती फाईलला लावा, आणि ईमेलही टाका. चार दिवसांनी स्मरणपत्र, त्यात आधीचा आवक नंबर लिहून. हे कंटाळवाणं आहे, पण कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारतं की तुम्ही जेलला कळवलं होतं का.

कोणी आत "सोय" करून देतो म्हणून पैसे मागितले तर, दवाखान्यात बेड, लवकर नंबर वगैरे, देऊ नका, एकदा दिले की दर महिन्याला येतात. लाचलुचपतचा नंबर १०६४.

बाहेरच्या हॉस्पिटलचं गौडबंगाल

मोठा आजार असेल तर जेलचा दवाखाना पुरत नाही, मग मुंबईत जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. यासाठी तीन गोष्टी एकाच दिवशी जुळाव्या लागतात: जेल डॉक्टरची रेफर चिठ्ठी, हॉस्पिटलची ओपीडीची तारीख, आणि पोलीस गार्ड. पहिल्या दोन मिळतात, घोडं अडतं तिसऱ्यात. गार्ड जेलची नसते, पोलीस मुख्यालयाकडून येते, आणि बंदोबस्त, सण, निवडणूक, व्हीआयपी दौरा काहीही असलं की आधी हीच रद्द होते. भावाची डोळ्यांच्या तपासणीची तारीख अशी ४ वेळा गेली, जेल म्हणतं आम्ही पत्र दिलं, मुख्यालय म्हणतं मनुष्यबळ नाही, दोघांचंही खरं आणि पेशंट आत.

उपाय असा की कोर्टात अर्ज करताना फक्त जेलला आदेश मागू नका. "पोलीस आयुक्त / पोलीस अधीक्षक यांनी दि. … रोजी गार्ड पुरवावी आणि अधीक्षकांनी अनुपालन अहवाल सादर करावा" असं स्पष्ट मागा. अनुपालन अहवाल म्हणजे आदेश पाळला की नाही हे कोर्टाला लेखी सांगणं. तारीख आणि अहवाल हे दोन शब्द आदेशात आले की पाचव्या वेळी गार्ड सकाळी ७ ला हजर असते, स्वानुभव.

आणखी एक कटू गोष्ट. हॉस्पिटलच्या कैदी वॉर्डात धडधाकट वजनदार लोक महिनोन्‌महिने आराम करतात आणि त्याचा संशय खऱ्या पेशंटवर येतो. ससूनच्या १६ नंबर वॉर्डचं ड्रग्ज प्रकरण २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचलंय. त्यामुळे "नाटक करतोय" हे ऐकायची तयारी ठेवा आणि उत्तर म्हणून रिपोर्ट पुढे करा.

कोर्टात काय मागायचं, आणि कोणत्या क्रमाने

लोक थेट मेडिकल जामीन मागतात आणि तो फेटाळला गेला की खचतात. मी म्हणेन छोट्यापासून सुरू करा. आधी जेलकडून वैद्यकीय अहवाल मागवा. मग सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी. मग गरज असेल तर मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची समिती. मग स्वखर्चाने खासगी हॉस्पिटल, हेही मिळू शकतं, माजी मंत्री नवाब मलिकांना २०२२ मध्ये पीएमएलए (मनी लाँडरिंगविरोधी कायदा) कोर्टाने कुर्ल्याच्या खासगी हॉस्पिटलमध्ये उपचार घेऊ दिले होते. आणि मग जामीन. प्रत्येक पायरीवर नकार किंवा दिरंगाई झाली तर तीच पुढच्या अर्जाचा पुरावा होते, कारण न्यायाधीश एकच गोष्ट तपासतो: हा उपचार आत राहून होऊ शकतो का?

जामिनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा अशक्त माणूस, स्त्री आणि बालक यांना वेगळी सूट आहे (जुन्या सीआरपीसीत हे ४३७ होतं), पीएमएलएच्या ४५ मध्येही आहे. शिक्षा झालेली असेल तर अपिलात शिक्षेला स्थगिती मागायची. यूएपीएसारख्या (दहशतवादविरोधी) कायद्यात अशी सूट लिहिलेली नाही, तरी मुंबई हायकोर्टाने २२ फेब्रुवारी २०२१ ला एल्गार प्रकरणातलेच कवी वरवरा राव यांना तब्येतीवरून ६ महिन्यांचा जामीन दिला आणि १० ऑगस्ट २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तब्येतीवरून कायमस्वरूपी जामीन दिला. स्टॅन स्वामींना मात्र हायकोर्टाच्या आदेशाने २०२१ च्या मे अखेरीस वांद्र्याच्या होली फॅमिलीत हलवलं, आणि ५ जुलैला, जामिनाची सुनावणी बाकी असतानाच ते गेले. म्हणून तारखा पडू लागल्या तर वकिलाच्या मागे लागा की अर्जंट म्हणून मेन्शन करा, म्हणजे लवकर ऐका असं न्यायाधीशांना सांगा, त्यात लाजायचं काय.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. कैदी आतूनही अर्ज लिहू शकतो, जेलमध्ये लीगल एड क्लिनिक असतं. कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी जिल्हा न्यायाधीशांची समिती असते, आजारी कैदी हा तिच्या यादीतला प्रकार आहे, तर "नाव समितीपुढे ठेवा" असा एक अर्ज तिथेही टाका. मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रयास प्रकल्प १९९० पासून जेलमध्ये काम करतोय, त्यांचे सोशल वर्कर अशा बाबतीत फार उपयोगी पडतात.

बायका, आणि मनाचे आजार

सुप्रीम कोर्टाचा आर. डी. उपाध्याय निकाल (२००६) बाईच्या वकिलाच्या बॅगेत असायलाच हवा. गरोदर बाईची तपासणी, शक्यतो बाळंतपण जेलबाहेरच्या हॉस्पिटलमध्ये, जन्माच्या दाखल्यावर जेलचं नाव नको, आणि मूल ६ वर्षांपर्यंत आईसोबत राहू शकतं, त्याचं खाणं, लसी, डॉक्टर हे सगळं त्यात आहे.

मनाचा आजार असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३ सांगा, अशा कैद्याला उपचाराच्या ठिकाणी हलवता येतं. मुलाखतीत माणूस एकदम गप्प झाला, वस्तू वाटून टाकतोय, "आता येऊ नका" म्हणतोय असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी द्या आणि वकिलाला फोन करा.

मानवी हक्क आयोग आणि माहितीचा अधिकार

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत सीएसएमटीजवळ आहे, तक्रारीला फी नाही, घटनेपासून १ वर्षाच्या आत करायची. पण आयोग सावकाश चालतो आणि तोच विषय कोर्टात असेल तर सहसा हात घालत नाही, त्यामुळे आज औषध हवं असेल तर कोर्टच, आयोग दुर्लक्षाची जबाबदारी आणि भरपाईसाठी. माहिती अधिकारात उपचाराचे कागद मागताना "व्यक्तीच्या जीविताशी संबंधित" असं ठळक लिहा, मग मुदत ३० दिवसांऐवजी ४८ तासांची होते, कैद्याची सही असलेलं संमतिपत्र जोडा.

आणि जे कोणावर येऊ नये ते. कोठडीत मृत्यू झाला तर जेलने २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचं असतं, पोस्टमॉर्टेमचं व्हिडिओ शूटिंग व्हायला हवं, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये मॅजिस्ट्रेट चौकशी आहे. घाईत कोणत्याही कागदावर सही करू नका, पोस्टमॉर्टेम रिपोर्टची प्रत लेखी मागा, चौकशीत हजर राहायचं आहे असं मॅजिस्ट्रेटला कळवा, आणि ती मुलाखतीची वही त्यांच्यासमोर ठेवा.

सुटकेच्या दिवशी

सुटका बहुतेक संध्याकाळी होते आणि सगळे पेढे-हार घेऊन उभे, औषधाचं कोणाच्या डोक्यात नसतं. आदल्या दिवशीच अर्ज द्या की चालू औषधं आणि उपचाराच्या कागदांच्या प्रती सोबत द्याव्यात. टीबी-एआरटीवाल्यांनी पुढच्या सेंटरची चिठ्ठी घेतल्याशिवाय गेट सोडू नये. भाऊ सव्वासातला बाहेर आला, हातात कापडी पिशवी, त्यात दोन कपडे आणि गुंडाळलेले केसपेपर. रिक्षात बसल्यावर पहिलं शुगर मोजली, ३१२ आली, मग घरी न जाता तसेच आमच्या डॉक्टरांकडे गेलो.